पाळीला पाच ग्रॅम केस

जे काम मोजता येत नाही ते झाले, असे कुठल्याही सुधारलेल्या समाजात मानत नाहीत. आणि जे मोजता येते ते झाले नसले तरी फारसे बिघडत नाही. या तत्त्वावर मोठमोठी खाती उभी आहेत. साहेब ज्या खात्यात अधीक्षक होते, त्याचे कामच मुळी इतर खात्यांनी केलेल्या तपासण्या झाल्या की नाहीत, याची तपासणी करणे. एकवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी एकही पूल, गोदाम किंवा नळ पाहिला नव्हता. सह्या मात्र लाखभर पाहिल्या होत्या, आणि सहीच्या वळणावरून माणूस जेवून आलाय की उपाशी, हे आपण सांगू शकतो असे ते म्हणत. (हे कुणी पडताळून पाहिले नाही. पडताळणीचा तक्ता नव्हता.)

अशा माणसाच्या घरात ससा आला.

ससा धाकटीचा. धाकटी म्हणजे साहेबांची नऊ वर्षांची मुलगी. तिने तो वाढदिवसाला हट्टाने मागून घेतला आणि त्याचे नाव भोपळ्या ठेवले. लांब केसांचा, गुबगुबीत, स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत ठाम. ब्रश दिसला की तो कपाटाखाली जाई, आणि ओढून काढला की मागच्या पायांनी असे ओरबाडी की ओढणाऱ्याला आपलेच चुकले हे पटे. पशुवैद्य बाईंनी तर पहिल्याच भेटीत बजावले होते, याला रोज विंचरायचे. केस गळायच्या दिवसांत ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, सशाला उलटी होत नाही, आतडे तुंबते, आणि दोन दिवसांत खेळ खल्लास. हे ऐकून धाकटीने भोपळ्याला छातीशी धरले. हे ऐकून साहेबांनी तक्ता आखला.

तक्ता फ्रिजवर लागला. सोबत नियम. एक, ससा दिवसातून दोनदा विंचरण्यात येईल. दोन, प्रत्येक पाळीत किमान पाच ग्रॅम केस निघतील. तीन, केस कोरडे असावेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, पिशवीत भरून, तारीख घालून जमा करावेत. चार, पाळीच्या वेळी ससा हजर असल्यास उत्तम. (चौथा नियम खात्याच्या जुन्या नमुन्यातून जसाच्या तसा उचलला होता. तिथे सशाच्या जागी पूल होता.) घरातल्या सगळ्यांनी नियम वाचून माना डोलावल्या. पाळ्या चौघांत वाटल्या: साहेबांची पत्नी, साहेबांची थोरली बहीण म्हणजे मुलांची आत्या, कॉलेजातला थोरला मुलगा आणि धाकटी. साहेब स्वतः नियंत्रण अधिकारी असल्यामुळे त्यांनी सशाला हात लावणे योग्य दिसले नसते.

पहिल्या आठवड्याचे आकडे लाजिरवाणे होते. पत्नी, एक ग्रॅम आणि तीन ओरखडे. आत्या, शून्य ग्रॅम. कपाटाखाली वाकल्यावर पुन्हा उठायला दोन माणसे लागली. थोरला, शून्य, कारण तो घरीच नव्हता. साहेबांनी प्रत्येकाकडून लेखी खुलासा मागवला. खुलासा लिहिण्यापेक्षा केस आणणे सोपे, हे माणसाला फार लवकर कळते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पाळीला पाच ग्रॅम बिनबोभाट येऊ लागले.

एकटी धाकटी शून्यावर राहिली. तिची रीतच वेगळी. ती जमिनीवर अभ्यास मांडून बसे, शेजारी पाण्याची वाटी. भोपळ्या आपणहून येऊन तिच्या मांडीला टेकून पसरे. मग ती ओल्या हाताने त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवी, तळव्याला केस चिकटून येत, आणि भोपळ्या डोळे मिटून दात बारीक कुरकुरवी, म्हणजे खूश होई. पाच-दहा मिनिटांत मूठभर ओला गोळा निघे. तो घेऊन ती साहेबांकडे गेली.

"बाबा, निघालेत की केस. बघा ना."

"ओले आहेत," साहेब म्हणाले. "ओल्याचं वजन धरता येत नाही."

सात शून्ये झाल्यावर तिला ताकीद मिळाली. चौदा झाल्यावर तिला पाळीतून काढण्यात आले, आणि पाळीशिवाय सशाला कुणी हात लावायचा नाही, असा पाचवा नियम जोडण्यात आला. ती रडली. आत्या म्हणाली, जाऊ दे गं, तुझ्या बापाने मला लहानपणी बाहुलीचंही वेळापत्रक लावलं होतं.

त्यानंतरची प्रगती डोळे दिपवणारी होती. चाळीस दिवसांत चारशे बारा ग्रॅम केस जमा झाले. ससा अख्खा पावणेदोन किलोचा. इतके केस उतरूनही तो पूर्वीपेक्षा दाट दिसे, याचे श्रेय साहेबांनी कार्यपद्धतीला दिले, आणि ऑफिसात दोघातिघांना पिशव्यांचे फोटोही दाखवले.

मग एका दुपारी धाकटी सांगत आली, की भोपळ्याच्या लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या पडताहेत, माळेसारख्या. साहेबांनी ते लेखी मागितले. तिने वहीचे पान फाडून लिहून दिले. पानावर तारीख नव्हती, म्हणून ते परत गेले. तिसऱ्या दिवशी भोपळ्याने कोथिंबिरीलाही तोंड लावले नाही. धाकटीने कुणाला विचारले नाही, त्याला टॉवेलात गुंडाळले आणि दवाखान्याची वाट धरली. साहेब रजिस्टर आणि पिशव्या घेऊन मागून धावले. दाराची कडी लावायचीही राहिली.

बाईंनी भोपळ्याचे पोट चाचपले. पाठीवरच्या केसांचे नमद्यासारखे थर झाले होते, त्यांत बोट शिरेना. हा ससा महिनाभर कुणी विंचरलेला नाही, असे त्या म्हणाल्या. साहेबांनी शांतपणे रजिस्टर पुढे केले, ऐंशीच्या ऐंशी सह्या. मग पिशव्या. बाईंनी त्या एकेक उघडल्या. एकीत उसवलेल्या स्वेटरची लोकर होती, एकीत सतरंजी झटकून निघालेला बुरा. तिसरी त्यांनी उजेडात धरली.

"साहेब, सशाला दाढी नसते."

(थोरल्याचा एक मित्र सलूनमध्ये कामाला होता.)

साहेबांनी धाकटीकडे पाहिले. त्यांचा जीव होता हो मुलीवर. ती रडली असती तर त्यांना सोपे गेले असते. ती रडत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. एकवीस वर्षांत त्यांच्याकडे असे कुणी बघितले नव्हते. क्षणभर त्यांना वाटले, सगळे तक्ते फाडून टाकावेत. तो क्षण कुठेही नोंदवलेला नाही.

बाईंनी केस कापले, औषध दिले, सुईशिवायच्या सिरिंजने पातळ खाणे भरवायला शिकवले. ते सगळे धाकटीने केले. चौथ्या दिवशी भोपळ्याने एक लेंडी टाकली, आणि त्या घरात एवढा आनंद थोरला पास झाला तेव्हाही झाला नव्हता. साहेबांनी धाकटीला सन्मानाने पाळीत परत घेतले, नव्हे, दोन्ही पाळ्या तिलाच दिल्या. तक्ता मात्र राहिला. पाच ग्रॅमही राहिले, कारण चूक माणसांची होती, आकड्याची नव्हती.

तेव्हापासून काम चोख चालले आहे. धाकटी रोज दोनदा ओल्या हाताने भोपळ्याला मोकळा करते, आणि निघालेला गोळा कचऱ्यात टाकते. मग सतरंजी झटकते, पाच ग्रॅम कोरडा बुरा तोलते, पिशवीत भरते, तारीख घालते आणि सही करते. सहीला आता सुंदर वळण आले आहे. मुलगी मार्गाला लागली, असे साहेब कौतुकाने सांगतात, आणि पिशवी उघडून बघत नाहीत.

यात हसण्यासारखे काही नाही. आपणही आज कुठेतरी पाच ग्रॅम देऊन आला असाल, किंवा कुणाचे तरी न बघता घेतले असतील. तसे नसल्यास खाली सही करावी. हजर असल्यास उत्तम.