हात न लावायची काठी

चर्चच्या रिकाम्या आवारात बस उभी करायला म्हणून आर्लीनने ब्रेक दाबला आणि मागून काहीतरी सरसर घसरत पुढे आलं. पोरांना मैदानावर उतरवून दहा मिनिटं झाली होती. एकोणीस पोरं, एक कोच आणि मोज्यांचा वास यांतला आता फक्त वास उरला होता. तिने आरशात पाहिलं. मधल्या वाटेत, आठव्या बाकाशेजारी, लक्रॉसची एक लाकडी काठी पडलेली होती, टोकाला चेंडू झेलायची जाळी असलेली.

काठी नवऱ्याच्या, एल्वुडच्या हातची आहे हे कळायला तिला जवळ जावं लागलं नाही. हिकरीच्या झाडाचं चिवट लाकूड वाफेवर धरून टोकाला असा अलगद बाक देणारा त्यांच्या मूळनिवासी वस्तीत दुसरा कुणी नव्हता. आता तर तोही नव्हता. एल्वुडला जाऊन दीड वर्ष झालं होतं. जायच्या दोन आठवडे आधी त्याने ही शेवटची काठी संघातल्या ऑरिनला दिली होती.

बेचाळीस वर्षांच्या संसारात आर्लीनने नवऱ्याच्या एकाही काठीला हात लावला नव्हता. लाकडी काठी पुरुषाची. ती औषध असते, पवित्र असते, बाईने तिला शिवायचं नाही, हे तिला आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. भाची मुलींच्या लक्रॉस संघात खेळायची, तिची प्लास्टिकची काठी आर्लीनने स्वतः दुकानातून आणली होती. त्याला कुणाची ना नव्हती. हिकरीची गोष्ट निराळी. एल्वुडची शेड झाडताना ती काठ्यांच्या अवतीभवती इतक्या हळू झाडू फिरवायची की तो म्हणायचा, "अगं, त्या काही झोपलेल्या नाहीत."

ऑरिन सामना खेळायचा प्लास्टिकच्या काठीनेच, पण एल्वुडची काठी घोंगडीत गुंडाळून दर सामन्याला बरोबर आणायचा. यंदाच्या मोसमात संघ अकरा सामने खेळला होता आणि अकराही जिंकला होता. यामागे काय आहे ते वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज बारावा सामना, उपांत्य फेरीचा, घरापासून दोन तासांवर. शिट्टी एकला होणार होती. साडेबारा झाले होते, आणि काठी इथे होती.

"विसरला," आर्लीन म्हणाली.

रिकाम्या बसमध्ये मोठ्याने बोलायची सवय तिला अलीकडेच लागली होती. आधी बस कधी रिकामी नसायचीच. एल्वुड प्रत्येक प्रवासाला यायचा, दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसायचा, तिच्या सँडविचमधलं अर्धं खायचा आणि उरलेला वेळ तिच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायचा. "तू ब्रेक दाबतेस की झुरळ मारतेस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ती अजूनही सँडविच दोन तुकड्यांत कापायची, आणि दोन्ही तुकडे स्वतः खायची.

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ती सगळ्यांचे आभार मानायची. माणसांचे, धरणीचे, पाण्याचे, माशांचे, मका-घेवडा-भोपळा या तिघी बहिणींचे, वाऱ्यांचे, चंद्रआजीचे. त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. शेवटी म्हणायची, कुणाचं नाव राहून गेलं असेल तर ते मुद्दाम नाही, त्यालाही यात धरावं. हे म्हणताना तिची नजर पहिल्या बाकाकडे जायची आणि मग ती किल्ली फिरवायची.

तिने कोच डेलबर्टला फोन लावला. फोन तिच्या पायाशीच वाजला. सामन्याआधी पोरांचे फोन बादलीत गोळा करून बसमध्ये ठेवायचे हा डेलबर्टचा नियम होता, आणि पोरांपुढे आदर्श म्हणून तो स्वतःचा फोन सगळ्यांत आधी टाकायचा. बादलीतून त्याच्या रिंगटोनचं बदक ओरडत राहिलं. आर्लीनने फोन ठेवला आणि बस वळवली.

मैदान दोन मैलांवर होतं आणि वाटेत तीन सिग्नल. पहिल्या सिग्नलला काठी आठव्या बाकापासून पाचव्यापाशी आली. दुसऱ्या सिग्नलला तिसऱ्या बाकापाशी. "आता तिथेच थांब," आर्लीन आरशात बघून म्हणाली. तिसऱ्या सिग्नलला तिने ब्रेक इतका हळू दाबला की मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला आणि शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी म्हटलं. काठी मात्र जागची हलली नाही. आर्लीनला बरं वाटलं. एल्वुड असता तर त्यानेही हे पाहिलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि नेमकी त्याच वेळी एक हंसीण आपली सहा पिल्लं घेऊन रस्त्यात उतरली.

आर्लीनचा पाय जुन्या सवयीने ब्रेकवर पडला. पिल्लं वाचली. काठी तिच्या शेजारून सूंकन गेली, दाराच्या पायऱ्यांवर उतरली आणि टोकाचा बाक दाराच्या लोखंडी दांड्यात असा जाऊन बसला, जणू त्याच्यासाठीच घडवला होता. आता दार उघडायला जावं तर बाक मोडणार. तो बाक वाळायला आठ महिने लागले होते. त्या आठ महिन्यांत एल्वुड रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन नुसता बघून यायचा.

मैदानाच्या फाटकावर नारिंगी जाकिटातला एक पोक्त पहारेकरी होता. त्याने सांगितलं की बस इथे लावायची नाही. आर्लीनने खिडकीतून डोकं काढून ऑरिनला बोलवायची विनंती केली. तिचा आवाज मुळात हळू, त्यात इंजिन चालू. तिला सगळं तीनदा सांगावं लागलं. पोरांचा सराव चाललाय, आता कुणाला बोलावता येणार नाही, असं तो म्हणाला, पण माणूस वाईट नव्हता. काठीच द्यायची ना, मी देतो नेऊन, म्हणाला.

"दार उघडता येत नाही," आर्लीन म्हणाली.

"मग खिडकीतून द्या."

"मला तिला हात लावता येत नाही."

पहारेकऱ्याने काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अ‍ॅलर्जी आहे का बाई तुम्हाला?"

आर्लीन विचारात पडली. खरं सांगायचं तर सृष्टी घडली तिथपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तोवर सामना संपला असता. शिवाय या गोष्टी काही बसच्या खिडकीतून सांगायच्या नसतात. पण खोटं बोलणं तिच्या जिवावर येई.

"तसंच काहीसं," ती म्हणाली.

इथे ती चुकली. पहारेकऱ्याने खांद्यावरचा वायरलेस तोंडाजवळ नेला आणि पाहुण्या संघाच्या बसचालक बाईंना अ‍ॅलर्जी झालीय, त्या गाडीत अडकल्यात, दार उघडत नाही, असं कळवलं. पलीकडच्याने ते आणखी पुढे कळवलं. मैदानामागे रुग्णवाहिका उभी होती. तिथवर बातमी पोचली तेव्हा बाईंचा श्वास कोंडला होता. रुग्णवाहिका ऐंशी पावलांचं अंतर भोंगा वाजवत आली.

तिच्यातून डाना नावाची एक तरुण मुलगी बॅग घेऊन उतरली. बसचं मागचं, संकटकाळचं दार तिने उघडलं, त्याबरोबर त्या दाराची धोक्याची घंटा कर्कश वाजायला लागली. डाना बाकांमधून धावत आली आणि आर्लीनला जीभ दाखवायला लावली. नाडी बघितली. नाडी जलद चालली होती. कशाची अ‍ॅलर्जी आहे, असं तिने विचारलं, तेव्हा आर्लीनने नुसते ओठ पुढे करून पायऱ्यांकडे दाखवलं. डाना काठी उचलायला वाकली.

"नको," आर्लीन म्हणाली. "तूही नको, बाळ."

"मी हातमोजे घातलेत."

"तरी नको."

"मला कसलीच अ‍ॅलर्जी नाही हो मावशी."

"ही सगळ्या बायकांनाच असते," आर्लीन म्हणाली. डानाने मान हलवली आणि कागदावर बरंच काही लिहिलं.

तेवढ्यात मैदानावरचा कर्णा बोलायला लागला. पाहुण्या संघाच्या बसचालक अत्यवस्थ असून त्यांच्या जवळच्या नातेवाइकांनी फाटकाशी यावं, असं त्याने सांगितलं आणि पुन्हा सांगितलं. आर्लीन ऐकत राहिली. जवळचे नातेवाईक. मूलबाळ नव्हतं. भाची दूर कॉलेजात होती. आता हे आणखी दोन-तीनदा पुकारतील, तिने मनात म्हटलं, कुणी आलं नाही की मग थांबतील. तोवर गप्प बसून राहावं. असे अकरा सामने ती अकरा रिकाम्या आवारांत एकटी बसून राहिली होती. तिला सवय होती.

मग डांबरावर गारा पडाव्यात तसा आवाज आला. शिरस्त्राणं घातलेली, खिळ्यांच्या बुटांची एकोणीस पोरं फाटकातून बाहेर पडून बसकडे धावत येत होती. त्यांच्यामागे, पोट धरून, कोच डेलबर्ट.

पहारेकऱ्याने हात आडवा केला. "थांबा, थांबा. नातेवाईक कोण?"

"आम्ही," गोलरक्षक म्हणाला.

"सगळे?"

"मग काय, निम्मे?"

पहारेकऱ्याने हात खाली घेतला. ऑरिन सगळ्यांच्या पुढे होता. तो मागच्या दाराने चढला आणि डानाला ओलांडून आर्लीनपाशी येऊन गुडघ्यावर बसला. शिरस्त्राण काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"मावशी, काय होतंय तुला?"

"मला काही होत नाही रे," आर्लीन ओशाळून म्हणाली. "तू काठी विसरलास. मी हात लावलेला नाही बरं. टोकाच्या बाकाला धक्का लागला असेल तर बघ. किती सांभाळून आणली, पण ती हंसीण मध्ये आली."

ऑरिनने पायऱ्यांवर उतरून दोन बोटांनी काठी दांड्यातून सोडवली. बाक शाबूत होता. तो काठी घेऊन पहिल्या बाकावर बसला आणि थोडा वेळ जाळी चाचपत राहिला. मागे कुणीतरी अखेर ती घंटा बंद केली.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी ती मैदानावर नेतच नाही. दर वेळी शेवटच्या बाकावर ठेवतो, पट्ट्याने बांधून. आज गाठ सुटून घोंगडीतून निसटली असेल."

आर्लीनला काही उमजेना. अकरा सामने ही बसमध्ये होती, असं तिने विचारलं. ऑरिनने मान हलवली.

"एल्वुडकाकांनी देतानाच सांगितलं होतं. म्हणाले, मैदानावर तुझ्यासोबत अठरा जण असतील. बसमध्ये तिच्यासोबत कुणी नसेल."

आर्लीनने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. धूळ नव्हती. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नकोस म्हणाले होते." ऑरिनने शिरस्त्राणाआडून तिच्याकडे पाहिलं. "म्हणाले, ती जसा ब्रेक दाबते ना, त्यावरून कळेलच तिला एक दिवस."

सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. सगळा संघ मैदान सोडून गेला म्हणून पंचांनी पहिला चेंडू समोरच्यांना दिला. तरी पोरं दहा-नऊने जिंकली. फाटकापर्यंतच्या धावण्याने अंग चांगलं मोकळं झालं, असं डेलबर्ट परतीच्या वाटेवर तीनदा म्हणाला, आणि पुढच्या सामन्याआधी सगळ्यांना पळवायचा बेत त्याने तिथेच पक्का केला. डानाने दिलेला कागद आर्लीनच्या खिशात होता. त्यावर लिहिलं होतं की बाईंची प्रकृती उत्तम आहे, आणि हिकरीपासून दूर राहावं.

शाळेपाशी पोहोचले तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. पोरं बादलीतल्या आपापल्या फोनसाठी भांडून उतरली. ऑरिन शेवटी राहिला. डेपोपर्यंत काठी बसमध्येच राहू दे, उद्या सकाळी येऊन घेतो, म्हणाला. त्याने ती घोंगडीत नीट गुंडाळली आणि मागे घेऊन गेला.

"पट्टा आवळून बांधू का?" त्याने तिथून विचारलं.

"नको," आर्लीन म्हणाली. "खालीच ठेव. बांधू नकोस."

शाळेपासून डेपो तीन मैल. दोन्हीकडे नुकती पेरलेली मक्याची शेतं, समोर सरळ रस्ता. त्यावर ना गाडी, ना सिग्नल, ना हंसीण. डब्यात अर्धं सँडविच तसंच राहिलं होतं. आर्लीनने आरशात एकदा मागचं पाहिलं, रस्ता पुन्हा नीट न्याहाळला आणि झुरळ मारावं तसा ब्रेक दाबला.

घोंगडी सरसरत आली आणि पहिल्या बाकापाशी थांबली.

"कळलं," आर्लीन म्हणाली.