सुभेदारांनी लावलेली रांग

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका, डोळा लागेल. आणि आमच्या सुभेदारांची गोष्ट काही पेंगत ऐकायची नव्हे!

सुभेदार लढाईवरून परतले. देवानं हातपाय शाबूत आणले, त्याचे उपकार. पण वीस वर्षं बंदूक सांभाळलेल्या माणसानं घरी बसून सांभाळायचं काय? माजी सैनिकांसाठी सरकारनं कार्यालय काढलं होतं. तिथल्या लोकांनी खटपट करून त्यांना इस्पितळाच्या भांडारात नोकरी शोधून दिली. आता फक्त कागद दाखवायचे आणि नेमणुकीचं पत्र घ्यायचं. मुदत आज दुपारी एकपर्यंत. चुकली तर जागा दुसऱ्याला!

"हा गेलो आणि पत्र घेऊन आलोच!" सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"जगाचं निस्तरत बसू नका," बायको म्हणाली. "आधी आपलं!"

"मी? छे!"

अकरा वाजता कार्यालयात पाहावं, तर खिडकीपाशी ही झुंबड! माणसं तीस, कोपरं साठ. खिडकीमागची खुर्ची रिकामी. बेशिस्त पाहिली की सुभेदारांची आरोळी सुटायची. सुटलीच!

"एका रांगेत उभे राहा!"

दुसरीकडं कुणीतरी विचारलं असतं, "तू कोण टिकोजीराव?" पण इथं सगळेच माजी सैनिक! खाडकन टाचा जुळल्या. लंगडणारेही छडीसारखे ताठ झाले. सुभेदारांनी एकेकाचे कागद तपासले, राहिलेल्या सह्या करवून घेतल्या आणि स्वतः सगळ्यांच्या मागं उभे राहिले. सुभेदार जवानांच्या आधी जेवत नसतो!

इतक्यात एक बाई घाईघाईनं खिडकीकडं निघाल्या.

"ओ ताई! मधे घुसायचं नाही!"

"अहो, पण मी..."

"घाई सगळ्यांनाच आहे. तीस नंबरच्या मागं!"

"माझं ऐकून तर घ्या..."

"रांगेत बोलायचं नाही!"

ताई निमूट उभ्या राहिल्या. रांग काही हलेना.

"साहेबांचा पत्ताच नाही," कुणी पुटपुटलं.

"वेळेची किंमत नाही या लोकांना!" सुभेदार गरजले. ताईंनी मान खाली घातली.

बाराच्या ठोक्याला प्यून धापा टाकत आला. "बाईसाहेब! खुर्ची सोडून तुम्ही इथं? अख्खी इमारत पालथी घातली मी!"

सुभेदार उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखे वाकले. "तुम्ही... बोलला का नाहीत?"

"बोलायचं नाही म्हणालात ना!" बाई खुदकन हसल्या. "माझे वडीलही सैनिक होते. या आवाजापुढं पायच हलत नाहीत हो माझे!"

मग काय! कागद तयार, रांग सरळ; तासाभरात तीसच्या तीस मोकळे. एकला पाच कमी असताना सुभेदार खिडकीशी आले. बाईंनी सवयीनं फाइल उघडली आणि धाडकन शिक्का मारला: 'तपासले'. तो उमटला बदकाच्या पोटावर! सुभेदार घाईत घरून लेकीच्या चित्रांची फाइल उचलून आले होते. तीस जणांचे कागद तपासणाऱ्यानं स्वतःची फाइल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती!

सुभेदारांनी फाइल मिटली. "चूक माझीच. द्या जागा दुसऱ्याला."

"घर किती लांब?"

"पायी अर्धा तास."

बाईंनी इस्पितळाला फोन लावला. "माणूस माझ्यासमोर उभा आहे. दोनपर्यंत थांबा. हो, मी शब्द देते." मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सुभेदार, पळा! हुकूम आहे!"

सुभेदार असे पळाले, की गोळ्यांखालीही कधी पळाले नसतील. दारात बायको खरी फाइल घेऊनच उभी होती. "आधी आपलं, नाही का?" एवढंच म्हणाली. तेवढं पुरलं.

दोनला दहा कमी असताना ते परतले. कार्यालय सामसूम. खिडकीत एकट्या बाई, आणि शेजारी झाकलेला जेवणाचा डबा. पत्रावर सही झाली. सुभेदारांनी आभारादाखल कडक सलाम ठोकला, आणि त्या सलामात कोपर लागून डबा खाली जाऊन सांडला!

तर मंडळी, एवढं करा. उद्या दुपारी पहिला घास उचलाल, तेव्हा त्या बाईंची आठवण ठेवा. त्या दिवशी त्या उपाशीच राहिल्या.