तागडीला तीट लावणारे साळवे सर

साळवे सर खांद्यावर तागडी टाकून सायकलीवरून निघाले, की अनोळखी माणसाला वाटायचं, कोणी भुसार व्यापारीच चाललाय. सर त्या तागडीत लेकरं तोलायचे.

"लेकरू तोलू नये, दृष्ट लागते," म्हणून बाया आधी दारंच लावून घ्यायच्या. सर असलं काही बिलकुल मानत नसत. पण वाद घातला नाही. एका म्हातारीकडून काजळ मागून घेतलं आणि दोन्ही पारड्यांना ठसठशीत तीट लावली. "घ्या! आता काय नजर लागायची ती तागडीला लागंल." बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि लेकरं घेऊन बाहेर आल्या.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी नवा कोरा ग्रामसेवक. आष्टीजवळ आमचं प्रशिक्षण लागलं आणि शिकवायला हे सर. बियाणं, खत, फवारणी यात मी पोपट! पहिल्याच दिवशी उठून संकरित ज्वारीचं एकरी उत्पन्न घडाघडा म्हणून दाखवलं.

"पोत्याचं झालं, जाधव," सर म्हणाले. "ताटात काय आलं?"

मी वहीची पानं उलटू लागलो.

"ज्वारीत मधून मधून तुरीचे, मुगाचे पाट घालायच्या बाया, दोन-दोन ओळी. ते तुम्ही बंद करून राह्यले. मंग वरण काय युरियाचं करायचं का?"

वर आम्हा पंधरा बाप्यांना, जन्मात चुलीपुढे न बसलेल्यांना, शेवग्याच्या पाल्याची भाजी करायला बसवलं. माझी करपली. सरांनी ती मलाच वाढली. संपली, तर पुन्हा वाढली. असा छळवादी माणूस!

परीक्षाही तशीच. प्रत्येकाने एक घर धरायचं, सांडपाण्यावर परसबाग लावून द्यायची. त्या घरातलं लेकरू वजनात वाढलं तर पास. "न्हाई वाढलं तर ग्रामसेवक फेल. लेकरू न्हाई."

मी रामभाऊचं घर धरलं. रामभाऊ आणि कौसाबाई दोघं मजुरीला जायची. दोन मुलगे, आणि धाकटी चार वर्षांची चंद्री. एवढीशी काडी, सगळा जीव डोळ्यांत. माझी बाग मात्र अशी माजली की बाकीचे ग्रामसेवक बघायला यायचे. पालक, चवळी, कुडावर दोडका. पण दोन महिने झाले तरी चंद्रीचं पारडं काही हलेना. मी चिडून कौसाबाईला विचारलं, "भाजी करता का नुसती बघता?"

"रोज शिजती, साहेब. लेकराची आण!"

ती खरंच बोलत होती. सर म्हणाले, "चला जाधव, उद्या दुपारी त्यांच्याकडं जेवायला."

रामभाऊ, दोन्ही पोरं, सर आणि मी ओळीने बसलो. कौसाबाईने वाढलं. सरांनी ताटाला हात लावला नाही.

"चंद्री कुठाय?"

"बसंल की माझ्यासंगं मागून. तुम्ही घ्या."

"मागून काय उरतं?"

कौसाबाईने पातेल्यात पळी फिरवली. ती आत्ताच तळाला खडखडत होती. दोन रोपांतलं अंतर मी पट्टीनं मोजलं होतं आणि घरात कोण कधी जेवतं, ते विचारलं नव्हतं. माझ्या घरी माझी आई तशीच शेवटी जेवायची. मला ते कधी दिसलंच नाही.

"चंद्री माझ्याजवळ बसल्याबिगर मी घास घेत न्हाई," सर म्हणाले. पाहुणा उपाशी उठणार म्हणताच रामभाऊने घाईघाईने पोरीला हाक मारली.

मग महिनाभर सर दिवसाआड यायचे आणि चंद्रीला शेजारी बसवूनच जेवायचे. आपली भाकरी फडक्यात बांधून आणायचे, भाजी तेवढी त्यांची घ्यायचे. एकदा परतताना मी टोमणा मारला, "सर, पाहुणचार मानवला वाटतं!"

सर सायकलीवरून उतरले.

"माझी थोरली बहीण व्हती, अनुसया. मी शाळंत, ती कामाला. मी पोटभर जेवून उठायचो, मंग ती बसायची. दहा वर्षांची गेली. ताप आल्ता म्हणले. हे सगळं शिकलो तवा कळलं मला, जाधव. तिच्या वाटचं मी खाऊन राह्यलो व्हतो."

आम्ही गावापर्यंत सायकली हातात धरूनच चाललो.

महिन्याने चंद्री वजनात भरली, मी पास झालो. शेवटचं म्हणून सर आणि मी रामभाऊकडे जेवायला बसलो. चंद्री न बोलावता येऊन सरांना चिकटून बसली. तिनं आपली भाकरी मोडली, अर्धी बाजूला ठेवली आणि दाराशी उभ्या आईकडे बघितलं.

"आये, तू बी ये ना."

कौसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. रामभाऊ क्षणभर घुटमळला. मग पोराला म्हणाला, "सरक रे जरा."

ती बसली, अंग चोरून. दिवसभर तोंड बंद न ठेवणारे साळवे सर मान खाली घालून रडत होते. कौसाबाईने त्यांच्या ताटात भाजी वाढली, चंद्रीच्या वाढली आणि मग पळीभर आपल्याही ताटात घेतली.