देवाच्या गळ्यातलं पदक

या, जवळ सरकून बसा, टाळ मांडीवर ठेवा. आष्टीच्या दुर्गाबाईंनी आपल्या नवऱ्याचं पदक देवाला कसं देऊन टाकलं, ते आज ऐका. हसू आवरलं तर सांगा.

दुर्गाबाईंच्या घरात त्या दिवशी नुसती धांदल होती. त्यांचे यजमान रखमाजी निजामाच्या रिसाल्यात स्वार होते, मोठ्या लढाईत समुद्रापलीकडे जाऊन आले होते. त्याला अठरा वर्षं झाली, रखमाजींची साठी उलटली, तेव्हा कुठे सरकारला त्यांची बहादुरी आठवली. रखमाजी स्वतः लढाईबद्दल अवाक्षर काढत नसत. त्यामुळे भुजंग दुकानदाराचं फावायचं. दुर्गाबाई गूळ घ्यायला गेल्या की तो हटकून विचारी, "काकू, काका तिकडं लढाया गेल्ते का लीद काढाया?" आज तहसीलदारसाहेब साऱ्या गावादेखत पदक घालणार, म्हणजे भुजंगाचं तोंड कायमचं बंद!

पटवारी मच्छिंद्रराव आदल्या दिवशीच पदकाची डबी देऊन गेले होते. "लई काळं पडलंय, काकू. चिंच लावून घासून ठिवा."

दुर्गाबाईंनी ते असं घासलं की त्यात बघून मिशी कोरावी. पण घरात आलेली नवी वस्तू, मग ते सूप असो की पदक, आधी देवाच्या पायाशी ठेवायची हा त्यांचा नेम. सकाळी त्यांनी पदक झेंडूच्या हारात ओवलं आणि मारुतीच्या देवळात नेलं. श्रीपती गुरवांनी हार घेतला आणि रोजच्या सवयीनं सरळ देवाच्या गळ्यात घातला.

"अहो श्रीपतीबाबा, पायाशी ठिवायचा व्हता! त्यात पदक हाये ह्यांचं!"

श्रीपतींनी जीभ चावली. "आता कसं करावं? देवाच्या अंगावर चढलं ते देवाचं झालं. मला न्हाई काढता यायचं."

तेवढ्यात मच्छिंद्रराव धापा टाकत आले, मागोमाग रखमाजी. "साहेबाची बैलांची दमणी वेशीत आली! आज पदक घातलं न्हाई, तर कागद वापस हैदराबादला. मंग बसा आनखी अठरा साल!"

दुर्गाबाईंना रडूच फुटलं. श्रीपतींनी डोकं खाजवलं. "एक वाट हाये. कीर्तनात पूर्वरंग झाला की देवाच्या गळ्यातला हार बुवाच्या गळ्यात पडतो. तेवढाच हार गुरवाला उतरवता येतो."

"मंग लावा कीर्तन! तीर्थपुरीच्या बुवांना आणा!" मच्छिंद्रराव ओरडले.

"आन हारासंगं पदकबी तीर्थपुरीला धाडा?" श्रीपती म्हणाले.

सगळे हळूच रखमाजींकडे वळले. रखमाजी दोन पावलं मागे सरले. "मी बुवांच्या मागं टाळ कुटणारा मानूस. मला बोलाया कुठं येतं?"

"न्हाई येत?" दुर्गाबाईंनी डोळे पुसले. "त्या न बोलण्यापायी अठरा साल मी लोकाची बोलणी खाल्ली. आज तोंड उघडा!"

एवढ्यात देवळाशी येऊन ठेपलेल्या तहसीलदारसाहेबांनी सगळं ऐकलं, जोडे काढले आणि मंडपात बसले. "बिलकुल बराबर. होऊन जाऊ द्या कीर्तन. पण जल्दी."

मृदंग घुमला, गाव लोटलं. रखमाजी उभे राहिले. "खरं बोलावं, देवाला भ्यावं. झाला पूर्वरंग."

मंडपात हशा पिकला. श्रीपतींनी हार उतरवून साहेबांच्या हातात दिला, साहेबांनी तो रखमाजींच्या गळ्यात घातला. शंख वाजला, टाळ्या पडल्या. दुर्गाबाईंनी भुजंगाकडे असं पाहिलं, की त्यानं पागोटं सारखं केलं. रखमाजी खाली बसू लागले.

"बसता कुठं, बुवा?" भुजंग ओरडला. "आख्यान राह्यलं! अर्धं कीर्तन सोडलं तर हार वापस द्यावा लागतो देवाला!"

श्रीपतींनी नाइलाजानं मान हलवली. रखमाजींनी पदक चाचपलं, मारुतीकडे पाहिलं. आत्ताच खरं बोलावं म्हणून सांगून बसले होते.

"हे पदक माझं न्हाई. माझी घोडी व्हती, नीला. बिगूल वाजला, तशी ती सुटली. मी लगाम मागं ओढून राह्यलो, ती पुढंच. साऱ्यांच्या आधी आम्ही तोफेवर! लोक म्हनले, रखमाजी वाघ हाये. मी वरडत व्हतो, थांब गं माय, थांब!"

मंडप गडगडून हसला. भुजंग तर मांड्या बडवू लागला. दुर्गाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मंग काय? तिच्या पायाला गोळी लागली. माघारी येताना आमच्यातला एक जण पडलेला दिसला. त्याला खांद्यावर घेतलं, तिचा लगाम धरला, आन आलो चालत."

"गोळ्या चालू होत्या?"

"व्हत्या की."

"मग पळालात का नाही?"

"ती लंगडत व्हती, साहेब. पळवावं कसं?"

हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. साहेबांनी खिशातून उर्दूतला कागद काढला. "यात तोफेचं, घोडी उधळल्याचं एक अक्षर नाही. लिहिलंय की, गोळ्यांच्या माऱ्यात जखमी साथीदाराला खांद्यावर आणलं, जखमी जनावर सोडलं नाही. पदक याचंच आहे, बुवा."

"चालत आलो त्याचं?" रखमाजी मटकन खाली बसले. "मला वाटलं, घोडी उधळली त्याचं! म्हणून तर तोंड शिवून घेतल्तं!"

आरती झाली. कीर्तन सरलं की बुवांच्या पाया पडायचं, ही रीत. रांगेत भुजंगही आला, खाली मान घालून वाकला. "काका, ते लीद काढण्याचं..."

"काढली की. रोज काढली. तिची."

मग हाराची फुलं प्रसाद म्हणून वाटली गेली. दुर्गाबाईंनी आपलं फूल जपून पदरात बांधलं आणि विचारलं, "अहो, तिला वैरण कोणती आवडायची हो?"

तर मंडळी, प्रसाद हातावर आला की त्या लंगडत माघारी आलेल्या नीलेची एकदा आठवण काढा.