बोलणी खाण्याचा कार्यभार

त्या कार्यालयात चूक कोणाचीही असो, बोलणी हिशेबनिसांनी खायची, असा प्रघात होता. तो कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता, पण नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला जाई. सकाळी साहेब आले की हिशेबनिसांना केबिनमध्ये उभं करत आणि चहा येईपर्यंत झाडत. भांडारपालांनी खिळ्यांऐवजी बादल्या मागवल्या, झाडा हिशेबनिसांना. लिफ्ट बंद पडली, बोलवा हिशेबनिसांना! एकदा साहेबांचा हरवलेला चष्मा साहेबांच्याच डोक्यावर सापडला, तेव्हाही "तुम्हाला सांगता येत नव्हतं?" म्हणून खरडपट्टी निघाली ती हिशेबनिसांचीच.

बाकीचे मात्र त्यांना फार जपत. खिडकीजवळची जागा त्यांची, चहाचा पहिला कप त्यांचा. "तुमच्यासारखा माणूस नाही हो," हे तर येता-जाता. हिशेबनिसांना वाटे, नोकरी मेली वाईट, पण माणसं सोन्यासारखी आहेत.

भानगड झाली घरी. एका संध्याकाळी कुकरची शिट्टी वाजली आणि हिशेबनीस ताडकन उभे राहून म्हणाले, "चुकलं साहेब, पुन्हा होणार नाही." दुसऱ्या शिट्टीला त्यांनी मानही खाली घातली. मुलगी खो खो हसली. बायको हसली नाही.

"उद्याच्या उद्या राजीनामा द्या," ती म्हणाली. "आज कुकरला साहेब म्हणालात, परवा इस्त्रीपुढे हात जोडाल. मला माझा नवरा परत हवाय!"

राजीनामा पाहून साहेब भडकले, अर्थात हिशेबनिसांवरच. आस्थापना विभागाच्या बाई मात्र शांत होत्या. "हिशेब काय, कोणीही बघेल," त्या म्हणाल्या. "बोलणी खाण्याचा कार्यभार कोणाकडे सोपवताय? तो सोपवल्याशिवाय आम्हाला तुम्हाला मोकळं करता येत नाही."

झालं, योग्य उमेदवाराचा शोध सुरू झाला. ड्रायव्हरला उभं केलं, तर तो ऐन रंगात आलेल्या साहेबांना बघून फिसकन हसला. भांडारपाल तर साहेबांनी तोंड उघडण्याआधीच रडले. "छे! झाडण्यातली सगळी मजाच घालवली," साहेब वैतागले. ओरडणं आतल्या आत तुंबून त्यांना उचकी लागली. उचकीमुळे सही वाकडी येऊ लागली, सह्या थांबल्या, आणि कामकाज ठप्प झालं.

शेवटी बाईंनी फर्मान काढलं: हिशेबनिसांनी सर्वांना रीतसर प्रशिक्षण द्यावं. सगळे रांगेत उभे राहिले. पण बोलणी कशी खायची हे शिकवायचं, तर आधी कोणीतरी बोलायला हवं ना? हिशेबनीस खाकरले.

"अक्कल गहाण ठेवलीय का?" आवाज जरा चिरकला. "डोळे आहेत की बटणं?" हे जमलं! मग काय विचारता, वर्षानुवर्षं गिळलेली वाक्यं धबाधबा बाहेर पडू लागली. हिशेबनिसांनी टेबलावर मूठ आपटली, पेनं उडाली, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्यांनी पुन्हा आपटली.

तेवढ्यात उचक्या देत साहेब बाहेर आले. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्याही डोक्यावर कधीकाळी एक साहेब होते. पाय आपोआप जुळले, मान खाली गेली.

"चुकलं साहेब, पुन्हा होणार नाही," साहेब म्हणाले. आणि त्यांची उचकी थांबली.

सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. काय ती मान, काय तो सूर! बाईंनी जागच्या जागी शिक्का मारला. "योग्य उमेदवार मिळाला. हिशेबनीस, तुम्ही मोकळे."

हिशेबनीस दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. संध्याकाळी कुकरनं शिट्टी दिली, तर पाय पसरून म्हणाले, "ओरड बाबा किती ओरडायचं ते. मी नाही उठत!" या वेळी बायको पोट धरधरून हसली.

कार्यालयाचं उत्तम चाललं आहे. रोज सकाळी भांडारपाल झाडतात (त्यांचा आवाज असा काही सुटलाय म्हणता!) आणि साहेब मान खाली घालून ऐकतात. खिडकीजवळची जागा आता साहेबांची, चहाचा पहिला कपही त्यांचाच. "माणसं सोन्यासारखी आहेत हो," असं ते घरी सांगतात.

तुमच्या ऑफिसात असलं काही नसेलच म्हणा. तिथे तर सगळे तुमच्याशी किती गोड वागतात! बरं, खिडकीजवळ कोण बसतं? तुम्हीच ना?