कळवतो म्हणजे कधी?

मी मुलाखतीत कुणाला नापास केलं की बाबलआबा माझा चहा बंद करतात.

विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सध्या देवगडजवळच्या आमच्या वाडीतून काम करते आणि नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती लॅपटॉपवरून घेते. पण नशीब बघा, अख्ख्या वाडीत रेंज येते ती फक्त शेजारच्या बाबलआबांच्या ओटीवर, खिडकीपाशी. घर सदा उघडं. सत्तरी ओलांडलेला हा एकटा माणूस मासळी आणायला गेला तरी दार सताड टाकून जातो आणि धावत परत येतो. त्या दाराला कुलूप मी कधी पाहिलंच नाही.

इयरफोन लावायची सोय नाही. "कानात बोळे घालून बसाचा आसात तर आपल्या घराक जा!" म्हणजे उमेदवाराचं सगळं आबा ऐकणार आणि वर मत देणार. "घे गो तेका. आवाज बरो आसा." अहो, आवाज बघून विमान बांधतात का?

विमानाला खिडकी कुठल्या आकाराची द्याल, हा माझा ठेवणीतला प्रश्न. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो, तिथूनच तडा जातो, म्हणून कोपरे गोल. ऐकून ऐकून आबांना ते पाठ झालं. मग एके दिवशी जो तो धडाधड 'गोल, गोल' म्हणायला लागला. मी खूश. सहज मागे वळले तर आबा बनियनवर उभे, हातातल्या पळीने हवेत गोल काढतायत! "आबानू, गप ऱ्हवा!" मी ओरडले. पलीकडून उमेदवाराने अदबीने विचारलं, "सर हेड ऑफिसचे का?"

पण खरी कटकट शेवटी. मी "आम्ही कळवू" म्हटलं रे म्हटलं की आबा उसळलेच. "कळवतलास म्हणजे कदी? वार सांग तेका!" आता वार कुठून आणू? मुलाखत घेणाऱ्याने निकाल सांगायचा नाही, असा आमच्याकडे नियम. निकाल ऑफिस कळवतं. आणि नापासांना बहुतेक वेळा कळवतच नाही, हे मलाही ठाऊक आहे.

परवा नागपूरचा एक मुलगा होता. घामाघूम झालेला, एक उत्तर धड नाही. मी "कळवू" म्हणताच आबा खेकसले, "वार सांग!" माझं डोकंच फिरलं. माइक बंद करून म्हटलं, "आबानू, तुमका काय करूचा आसा? तुमचो कोण लागता तो?"

आबा पळी ठेवून खाली बसले. "माका पण 'कळवतो' म्हणाले हुते. विमानाच्या कारखान्यातच गेललंय मुलाखतीक, तरणो असताना. मगे भाऊ मुंबयक बोलवी. पण मी थंय गेलंय आणि हय तेंचो माणूस इलो तर? सोयरीक इली, तेंका पण म्हटलंय, नोकरीचा कळां दे, मगे बघूया."

माझा सगळा राग जिरला. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि माइक चालू केला. "नाही रे, यावेळी तुझं झालं नाही. अभ्यास कर, पुन्हा ये."

तो म्हणाला, "थँक्यू मॅडम. नाहीतर आई रोज विचारत बसली असती."

नापास केलं होतं, तरी आबांनी चहा आणला. "बरा केलंस. आता तो जेवतलो." कप पुढे केला, पण हातातून सोडेनात. "तू विमानवाल्यांतलीच मां? माझा पण सांगून टाक."

"आबानू," मी म्हटलं, "नाय झाला तुमचा."

"बरा," आबा म्हणाले आणि त्यांनी कप सोडला.

आज सकाळी मुलाखत होती. लॅपटॉप घेऊन गेले तर आबांच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप! रेंज आत, मी बाहेर आणि उमेदवार ताटकळतोय. तणतणत घरी आले. आई म्हणाली, "बाबलदादा पहाटेच वैभववाडीक गेलो, गाडी धरूक. भावाकडे, मुंबयक."

"अगो, पण परत कदी येतलो? वार सांगल्यान?"

"नाय," आई म्हणाली. "कळवतंय म्हणालो."