कांबळेबाईंचा पाना

कांबळेबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नाहीत, कान टवकारतात. कुठे नळ ठिबकत असेल तर तो त्यांना दारातूनच ऐकू येतो. "बेसिन," एवढंच म्हणतात आणि चपला काढून थेट तिकडे. आपण केलेला नमस्कार तसाच राहतो.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्या आणि पाना हातात घेतला. खांद्यावरच्या पिशवीत पाना, पक्कड, टेफ्लॉनची टेप आणि एक जुनी कंपासपेटी. पेटीत नळाचे वॉशर. कामाचे पैसे घेत नाहीत, चहाही नाही. "मी कामाला आलेय, पाहुणी नाही."

एकदा जोशींच्या मुलीला बघायला मंडळी आली होती. मुलाचे वडील अपेक्षांची यादी सांगत होते, तेवढ्यात बाईंनी बोट वर केलं. "श्श. बाथरूम." आणि जाऊन मेन कॉक बंद केला. पोहे खाऊन हात धुवायला गेलेले मुलाचे मामा साबणाचे हात घेऊन उभे. बाईंनी त्यांना तशाच हातांनी टॉर्च धरायला लावला. लग्न जमलं. मामा अजून बाईंची चौकशी करतात.

"दोष नळाचा नाही, हाताचा आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळ करकचून पिळणारा माणूस दिसला की त्या कळवळतात. "अहो, बंद करायचाय, गळा नाही आवळायचा!" धार वाकडी आली म्हणून नवा नळ आणायला निघालेल्या माझ्या बायकोला, माधुरीला, त्यांनी जिन्यातच थोपवलं. "तोंडाची जाळी काढा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बोअरचं पाणी आहे, क्षार धरणारच." आणि खरंच धार सरळ झाली.

मला मात्र त्यांचा राग यायचा. आमचा स्वयंपाकघरातला नळ दर दोन महिन्यांनी गळायचा. बाई यायच्या, तासभर खपायच्या आणि मला शेजारी उभं करून तोंडी परीक्षा घ्यायच्या. "देशमुख, आधी काय बंद करायचं?" मी बँकेत मॅनेजर होतो हो! पण उत्तर चुकलं की "परत सांगा."

शेवटी माधुरी वैतागली. "पाव फेरीत बंद होणारे नवे नळ मिळतात, तेच बसवू. कटकट जाईल."

प्लंबर आला. जुना नळ खोलून हसायला लागला. "साहेब, वॉशर झिजलाय दोन्ही बाजूंनी. दर वेळी उलटा करून हाच बसवलाय. नवा घातला असता तर दोन-तीन वर्षं बघायला नको."

माझं डोकंच फिरलं. प्लंबरला तसाच बसवून, वॉशर मुठीत घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि तो बाईंच्या पुढ्यात ठेवला. टेबलावर कंपासपेटी उघडीच होती. काठोकाठ नवे वॉशर.

बाईंनी वॉशर बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "दोष नळाचा नाही, देशमुख. हाताचाच आहे."

"पण का, बाई?"

"शाळेत दिवसभर बाई, बाई, बाई. कान किटायचे. आता नळ गळला तरच कुणी बाई म्हणून हाक मारतं." त्यांनी पेटी बंद केली. "नवे नळ बसवताय ना? चांगलं आहे. ते गळत नाहीत."

भांडायला गेलेला मी वॉशर उचलून खाली मान घालून परत आलो. मला फार वाईट वाटत होतं. माधुरीला सगळं सांगितलं. ती प्लंबरला म्हणाली, "तो जुनाच नळ परत लावा. वॉशरही तोच."

नळ इमानदारीत गळायला लागला. संध्याकाळी मी जिन्यातून ओरडलो, "बाई, नळ गळतोय!"

बाई आल्या. या वेळी परीक्षा नाही, काही नाही. पेटीतून नवा कोरा वॉशर काढला, मला दाखवला आणि बसवला. नळ एका बोटाने बंद केला. एक थेंबही पडला नाही.

"आता दोन-तीन वर्षं बघायला नको," असं म्हणून त्या पिशवी आवरायला लागल्या. फार सावकाश आवरत होत्या.

"बाई, उद्या चारला या," माधुरी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "नळाचं काही नाही. चहाला."

बाई दारात थबकल्या. पिशवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मग पाना आणायचा की नाही?"